पूर सगळ्यांना, पंचनामा सातबाऱ्याला



हा अंक दीड महिना उशिरा निघतोय. स्टेन्सिलचे कागद आणि शाईची डबी ज्या पत्र्याच्या पेटीत होती, ती पेटी सीना नदी घेऊन गेली. ज्या गावांच्या दाव्यांची बातमी छापायची राहिली त्यांनी रागावू नये. पेटीचं काही वाटत नाही, पेटी परत आणता येते. तिच्याबरोबर आणखी काय काय गेलं आणि ते कुणी मोजलं नाही, ते सांगायचंय.

सोलापूरला पूर आला असं ऐकल्यावर तुमच्यातले पुष्कळ जण हसले असतील. सोलापूर म्हणजे टँकर, चारा छावणी, फुफाटा. वर्षभरात सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तुमच्याकडं घाटमाथ्यावर आषाढाच्या एका झडीत एवढा पडत असेल. ३१ ऑक्टोबर २०२३ ला सरकारनं राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात आमचे करमाळा, माढा, बार्शी, सांगोला, माळशिरस असे पाच होते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं. आणि दोन वर्षं पुरी व्हायच्या आत, सप्टेंबर २०२५ मध्ये, त्याच करमाळ्यात, त्याच माढ्यात, मोहोळात सीनेचं पाणी घरात शिरलं. एनडीआरएफच्या बोटी आल्या, लष्कराचं हेलिकॉप्टर आलं. लांबोटीजवळ पाणी चढलं म्हणून सोलापूर-पुणे महामार्ग बंद पडला. ज्या माणसानं टँकरच्या रांगेत हंडा धरला, त्यानंच पोरगं खांद्यावर घेऊन पाण्यातून वाट काढली.

पाऊसकाळ बिघडलाय हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. २०२५ ला मॉन्सून २६ मेलाच मुंबईत पोचला, एवढ्या लवकर आल्याची आजवर नोंद नाही म्हणतात. आमच्याकडंही मे महिन्यातच ओढे वाहिले. वस्तीवरची आज्जी तेव्हाच म्हणाली होती, "टिटवीनं अंडी बांधाच्या वर घातल्यात, यंदा पाणी वर चढतंय बगा." आम्ही बारावी शिकलेली पोरं हसलो. मोबाईलवर हवामान बघत बसलो.

आमची वस्ती नदीकाठच्या गायरानात. वीस-बावीस उंबरे म्हणतो, पण खरं तर उंबरा एकालाही नाही. काही पालं, काही पत्र्याची खोपटं, दोन विटांच्या भिंती. गावाचं नाव लिहीत नाही. ज्याच्या टेबलावर अजून कागद पडून आहे त्याचं नाव छापून कागद हलत नाही, एवढं शिक्षण झालंय आमचं.

त्या रात्री गावात देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं, नदीकाठच्या लोकांनी शाळेत यावं. भोंगा गावठाणाकडं तोंड करून बसवलाय. वस्ती मागं. आमच्यापर्यंत नुसता घुंई घुंई आवाज आला, लग्नाच्या वरातीसारखा. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही निरोप होता. त्या ग्रुपात आमच्यातलं कुणीही नाही. आज्जी उठली ती पाण्याच्या आवाजानं. म्हणाली, नदी बोलायची थांबली. वाहतं पाणी खळाळतं, चढतं पाणी गप असतं. तिनं काठी आपटत एकेक पाल उठवलं. पोरं, म्हातारी माणसं, दोन बाळंतिणी, सगळी अंधारात माळाच्या चढावर गेली. माणूस एकही गेलं नाही. ते कुणाच्या यंत्रणेनं झालं, हे आम्ही लिहून ठेवतोय, कारण बाकी कुठल्या अहवालात ते येणार नाही.

गेलं ते असं: शेळ्या, कोंबड्या, भांडी, अंथरूण, वर्षाचं धान्य, रेशनकार्डं, आधारकार्डं आणि चार पोरांचे जातीचे दाखले. बाहेरच्या माणसाला ही यादी वाचताना शेळ्यांचं वाईट वाटेल. आम्हाला दाखल्यांचं वाटलं. अनुसूचित जमातीचा दाखला काढायचा तर ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. त्या साली आमच्यातल्या कितीतरी जणांचे आज्जे-पणजे सोलापूरच्या सेटलमेंटात होते, तारेच्या कुंपणात. इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा केला, जन्माला आलेलं पोर चोर ठरवलं. देश १९४७ ला सुटला, आमची सुटका ३१ ऑगस्ट १९५२ ची. मग १९५० चा पुरावा कुठं असणार? पोलिसांच्या हजेरीबुकात. तो आणायला एकेका घरानं पाच-पाच वर्षं चकरा मारल्या, आणि तो कागद सीनेनं एका रात्रीत नेला.

दुसऱ्या दिवशी शाळेत आसरा मिळाला, ते नाकारत नाही. गावातल्या बायांनी भाकरी आणून दिल्या, तेही लिहितो. पण तिसऱ्या दिवशी गावातल्या एकाची पाण्याची मोटर सापडेना, तर पहिली झडती आमच्या गाठोड्यांची झाली. ओल्या गोधड्या वर्गाच्या मधोमध पसरून बघितल्या. पोरं भिंतीला चिकटून उभी होती. मोटर पुढं चार शेतं खाली चिखलात सापडली, पाण्यानं नेली होती. गोधड्यांच्या घड्या मात्र आम्हीच घातल्या.

नंतर पंचनामे सुरू झाले. तलाठी भाऊसाहेब आले. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पाटी बदललीय.) गावठाणातली घरं झाली, बागाईत झालं, मग वस्तीच्या कडेला आल्यावर म्हणाले, गट नंबर सांगा. आम्ही गायरानाचा गट नंबर सांगितला. ते म्हणाले, तो सरकारचा आहे. म्हणजे नुकसान झालं ते सरकारचं झालं. शेळ्यांचं विचारलं तर म्हणाले, मेलेलं जनावर दाखवा. ती आम्हाला दाखवता आली असती तर ती वाहून गेली असं कशाला म्हटलं असतं?

आता कायदा बघू. आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की साहेबाच्या मनावर आहे. तसं नाही, लिहून ठेवलंय. आपत्ती निधीचे जे निकष २०२२ ला आले त्यात सपाट भागातलं पक्कं किंवा कच्चं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार रुपये, झोपडी गेली तर ८ हजार. शेळी-मेंढी ४ हजार. दुभती गाय-म्हैस ३७ हजार ५००. आणि घरांच्या रकमांच्या खाली एक टीप आहे, की पडलेलं घर अधिकृत बांधकाम असलं पाहिजे, तसं सक्षम अधिकाऱ्यानं प्रमाणित केलं पाहिजे. हा एक शब्द, 'अधिकृत', सगळ्या पुरापेक्षा मोठा आहे. गंमत अशी की त्याच निकषात झोपडी म्हणजे काय हेही सांगितलंय: गवताची, मातीची, प्लास्टिकच्या कागदाची तात्पुरती निवाऱ्याची जागा. म्हणजे दिल्लीत बसून कुणीतरी आमचं पाल डोळ्यासमोर आणलं, त्याची किंमत ८ हजार धरली. भाऊसाहेबांना ते पाल तीस फुटांवरून दिसलं नाही.

ऑक्टोबरात सरकारनं ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कोरडवाहूला हेक्टरी १८ हजार ५००, बागाईतीला ३२ हजार ५००, तीन हेक्टरपर्यंत. जमीन खरडून गेली असेल तर वेगळे पैसे. शेतकऱ्याला मिळालेच पाहिजेत, कमीच आहेत. ज्याची काळी माती वाहून खाली खडक उघडा पडला त्याचं रडणं आम्ही ऐकलंय, त्याच्याच बांधावर आम्ही राबतो. भांडण त्याच्याशी नाही. पण हेक्टर मोजायला आधी हेक्टर लागतो. जो बटईनं करत होता त्याच्या नावावर काही नाही. जी बाई रोजानं खुरपायला जात होती तिची दोन महिन्यांची मजुरी बुडाली, ती कुठल्या रकान्यात बसते? विरोधकांनी ओला दुष्काळ जाहीर करा म्हटलं, तर सरकार म्हणालं ओला दुष्काळ असा शब्दच नियमावलीत नाही, सवलती मात्र देऊ. शब्द नसताना सवलत देता येते तर सातबारा नसताना आठ हजार का देता येत नाहीत?

आणि वर ऐकून घ्यायचं, की हे लोक नदीपात्रात अतिक्रमण करून राहिले, वाहणार नाहीत तर काय. हे वाक्य आम्ही शाळेत ऐकलं, कचेरीत ऐकलं, एका पुढाऱ्याच्या तोंडून ऐकलं. त्याचं उत्तर नीट द्यायचंय.

पारधी नदीकाठचा माणूस नाही. आमची जात माळाची. तितर, लाव्हे, ससे, रानातली कंदमुळं, कुसळी गवताचा माळ, हेच आमचं घर होतं. नान्नज, मार्डी, करमाळ्याकडचे माळ आज्जीला तळहातासारखे पाठ आहेत. १८७८ ला इंग्रजांनी जंगल कायदा आणला, आम्हाला गुन्हेगार ठरवल्यावर सात वर्षांनी. १९७२ ला वन्यजीव कायदा आला, शिकार गुन्हा झाली. १९७९ ला माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं, कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात. पुढं मोठ्या लोकांची अडचण व्हायला लागली, रस्ते, प्लॉट, कारखाने अडायला लागले, तेव्हा ते बाराशेच्या घरात आणलं. मोठ्यांसाठी हद्द मागं सरकली. आमची पालं उठवली ती उठवलीच. माळावरून उठलो, गावठाणात कुणी जागा देईना, पारधी म्हटल्यावर शेजार नको. मग उरलं काय? ओढ्याची कड, नदीची पोट-खराबी, स्मशानाच्या बाजूची जागा. पाणी जिथं येणार तिथं आम्ही राहायला गेलो नाही, आम्हाला तिथंवर ढकलत नेलं. माळढोकही वाचला नाही. आता नान्नजला त्याचं दर्शन होणं मुश्कील. माणूसही हलवला आणि पक्षीही गेला.

सीनेच्या पात्रात खरं अतिक्रमण कुणाचं हेही एकदा मोजावं. पात्रापर्यंत लावलेला ऊस कुणाचा? वाळू कुणी उपसली? साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या जिल्ह्यात एवढे साखर कारखाने कुणी काढले? नदीला वाट ठेवली नाही तर ती स्वतः काढते. ती पहिल्यांदा निघाली आमच्या खोपटातून.

तुम्ही म्हणाल, हे पारध्यांचं गाऱ्हाणं, आम्ही डोंगरातले, आमच्याकडं पूर कुठला. साथींनो, माळीण आठवा. आंबेगाव तालुका, महादेव कोळ्यांचं गाव, ३० जुलै २०१४ ची सकाळ. १५१ माणसं डोंगराखाली. एसटीचा ड्रायव्हर गाडी घेऊन आला आणि त्याला गाव दिसलं नाही, तेव्हा जगाला कळलं. इर्शाळवाडी आठवा. खालापूरची ठाकरवाडी, १९ जुलै २०२३ ची रात्र. २७ मृतदेह काढले, ५७ माणसं सापडलीच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवला. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत इर्शाळवाडी नव्हती, हे सरकारनंच विधानसभेत सांगितलं. बघा, तिथंही यादीच. आमचं नाव पूर गेल्यावरच्या यादीत नव्हतं, त्यांचं दरड यायच्या आधीच्या यादीत नव्हतं. धड रस्ता नाही म्हणून त्या चढावर मशीन चढवता आलं नाही, हातानं माती उकरली. आता सांगा, रस्ता नसणं हे पावसाचं काम आहे का?

अतिवृष्टी कशाला म्हणायचं तर एका महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला तर. पर्जन्यमापक असतो मंडळाच्या गावी. तुमच्या पाड्यावर डोंगराच्या आड किती कोसळला ते त्याला काय माहीत? आमच्याकडं तर उलटंच झालं. सीनेचं पाणी आलं अहिल्यानगर, बीड, धाराशिवच्या वरच्या अंगानं, धरणं भरून सोडलेलं. पाऊस दुसरीकडं, पाणी आमच्याकडं.

समुद्रातल्या बेटांवरच्या आदिवासींचं बघा, म्हणजे हे आपलंच एकट्याचं रडणं नाही हे कळेल. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी. लिटल अंदमानवर ओंगे लोक राहतात, फार थोडे उरलेत. पाणी मागं सरकलं तसं त्यांनी ओळखलं आणि उंच जागी निघून गेले, वाचले. आमच्या आज्जीनं केलं तेच. पण ग्रेट निकोबारच्या निकोबारी लोकांची किनाऱ्यावरची गावं गेली, सरकारनं त्यांना कॅम्पबेल बेकडं तात्पुरत्या वस्तीत आणलं. वीस वर्षं झाली. ते म्हणतात आम्हाला आमच्या जुन्या गावी जाऊ द्या. आता त्या बेटावर बंदर, विमानतळ, नवं शहर असा मोठा प्रकल्प ठरलाय, आणि तिथल्या आदिवासी परिषदेनं आधी दिलेली संमती नोव्हेंबर २०२२ मध्ये लेखी परत घेतली. आधी आपत्ती माणसाला जमिनीवरून उठवते, मग माणूस नाही म्हणून जमीन मोकळी ठरते. आपल्याकडं धरणांनी, अभयारण्यांनी हेच केलं, तिकडं लाटेनं सुरुवात करून दिली एवढाच फरक.

ऑस्ट्रेलियाच्या वरच्या अंगाला टोरेस सामुद्रधुनीची बेटं आहेत. तिथले आदिवासी त्यांच्या सरकारविरुद्ध कोर्टात गेले, समुद्र चढतोय, आमच्या पूर्वजांच्या कबरी पाण्यात चालल्यात म्हणून. जुलै २०२५ मध्ये निकाल लागला. कोर्टानं मान्य केलं की पाणी चढतंय, बेटं खचतायत. पण सरकारवर कायद्यानं काळजी घ्यायची जबाबदारी येत नाही म्हणाले. तलाठी भाऊसाहेबांचंच म्हणणं, फक्त इंग्रजीत.

२०२२ मध्ये जगभरच्या हवामान शास्त्रज्ञांच्या समितीनं, आयपीसीसीनं, आपल्या अहवालात लिहिलं की लोकांच्या हालांचं एक कारण वसाहतवाद आहे, आणि ते आदिवासींना जास्त लागू आहे. पूर, दुष्काळ, वादळं यांनी २०१० ते २०२० मध्ये जगातल्या जास्त दुबळ्या केलेल्या भागांत मरणारी माणसं सुरक्षित भागांपेक्षा १५ पट होती, हेही त्यातच आहे. आमच्यातल्या काही साथींना वाटतं की हवामान बदल हा शहरातल्या पोरांचा विषय, पाट्या घेऊन उभं राहायचा, आपण आपली जमीन बघू. आमचं म्हणणं एवढंच आहे की तो जमिनीचाच विषय आहे. पाऊस सगळ्यांवर सारखाच बिघडलाय. कोण उंचावर राहणार, कोण ओढ्यात, कुणाला भोंगा ऐकू जाणार, कुणाला आठ हजार मिळणार, हे आभाळात ठरत नाही.

त्यात आता हवामानाच्या नावानंच जमीन जायला लागली आहे, त्याची तुम्हाला खबर पाहिजे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गायरानावरची अतिक्रमणं काढायला सांगितली. राज्यभर सव्वादोन लाखांच्या घरात बांधकामं निघाली, नोटिसा आल्या, आमच्याही पालावर चिकटवली. पालावर नोटीस चिकटत नाही म्हणून शेवटी काठीला बांधली. आणि दुसरीकडं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गायरानं सौर प्रकल्पांना नाममात्र भाड्यानं द्यायचं ठरलं. सूर्याच्या विजेला आमचा विरोध नाही, शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी. पण एकाच गायरानात कंपनी बसली तर प्रकल्प आणि पारधी बसला तर अतिक्रमण, हे कसं? तुमच्याकडं तेच झाडांच्या नावानं होतं. कुठंतरी खाणीला जंगल तुटतं आणि भरपाईची लागवड तुमच्या दाव्यातल्या जमिनीवर येते, खड्डे खणून तारेचं कुंपण. वर म्हणायचं, झाडं लावणं पृथ्वीसाठी चांगलं. पृथ्वी कुणाची ते आधी सांगा.

१९९१ च्या २८ नोव्हेंबरला महाराष्ट्र सरकारनंच ठराव काढलाय की १४ एप्रिल १९९० पर्यंत भूमिहीन दलित-आदिवासींनी गायरानात केलेली अतिक्रमणं नियमित करावीत. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा म्हटलं, तेव्हाही भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारनं पट्टे दिलेत ती जागा सोडून दिली. नोटीस घेऊन येणाऱ्याला हे दोन्ही विचारा. त्याला बहुतेक माहीत नसतं.

आमच्या जिल्ह्यात पेसा लागू नाही, तुमच्यातल्या पुष्कळांकडं आहे. पण वनहक्क कायदा २००६ दोघांनाही आहे, आणि तो आपण फक्त नांगराखालच्या जमिनीच्या पट्ट्यापुरता वापरला, ही आपली चूक आहे, संघटनेचीही. कलम ३(१)(घ) मध्ये चराई आणि भटक्या लोकांनी हंगामाप्रमाणं माळ-रान वापरायचा हक्क आहे. ३(१)(ज) मध्ये वनगावाचं महसुली गाव करायचा हक्क आहे, म्हणजे गावठाण, म्हणजे तो 'अधिकृत' शब्द. कलम ३(२) मध्ये ग्रामसभेच्या शिफारशीनं एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन रस्ता, शाळा, दवाखाना, समाजमंदिर अशा तेरा कामांना मिळते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटत नसतील तर. ज्या पाड्याच्या वर डोंगर फुगलाय, भेगा दिसतायत, तिथं ग्रामसभेनं सुरक्षित जागी समाजमंदिर मागावं. चांगलं मोठं, दोन रात्री सगळा पाडा मावेल एवढं. आणि रस्ता. पट्टा मिळाला तरी सातबाऱ्यावर नाव कुठल्या रकान्यात पडलंय ते बघा. इतर हक्कात टाकलं असेल तर पीक गेल्यावर तुम्हालाही गट नंबर विचारतील.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चं कलम ६१ पाठ करा. मदत देताना जात, जमात, वंश, धर्म, स्त्री-पुरुष यावरून भेदभाव करता येणार नाही, असं त्यात आहे. आम्ही ते अर्जात लिहिलं, तर कारकुनानं अर्ज दोनदा वाचला आणि साहेबाकडं आत घेऊन गेला. पैसे अजून आले नाहीत. पण आत गेला.

एक निरोप सातपुड्यातल्या साथींना खास. तुमच्या पाड्यांवरच्या भिल्ल-पावरा जोड्या आत्ता आमच्याकडं ऊसतोडीला आल्यात. मुकादमानं त्यांच्या कोप्या सीनेच्या काठालाच टाकल्यात, कारण पुरानं ती जागा मोकळी केलीय आणि जवळच पाणी आहे. आम्ही जाऊन भेटलो. आडवा पडलेला, गाळ बसलेला ऊस, तोडायला दुप्पट वेळ, वजन तेवढंच. त्यांची नावं इथल्या कुठल्या यादीत नाहीत आणि तुमच्याकडं पंचनाम्याच्या, ग्रामसभेच्या दिवशी ती घरी नसतात. कुठल्या पाड्यावरून किती जोड्या, किती पोरं, मुकादम कोण, एवढं लिहून संघटनेकडं पाठवा. अवकाळी आला तर निदान कुणाला उठवायचं हे आम्हाला कळेल. भोंग्यावर विसंबून राहणार नाही.

आणि पंचनामा पावसाच्या आधीच करून ठेवा. आम्ही आता केलाय. एका वहीत प्रत्येक घर, माणसं किती, भिंत कशाची, छप्पर कशाचं, शेळ्या किती, कागद कुठले. सगळ्यांच्या सह्या-अंगठे, शाळेच्या गुरुजींची साक्ष, मोबाईलवर तारखेसकट फोटो. ग्रामसभेत ठेवून ठरावाची नक्कल घ्यायची. दरवर्षी अक्षयतृतीयेच्या आत. पुढच्या वेळी मेलेली शेळी दाखवा म्हटलं तर जिवंत शेळीचा कागद दाखवू.

माळाच्या सामूहिक हक्काचा दावाही टाकलाय. वनहक्काच्या नियम १३ मध्ये वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब हा पुरावा धरलाय, आज्जीचा घेतला. वनहक्क समितीसमोर तिला विचारलं, तुमचा जन्म कुठला. तिनं माळावरच्या एका पिंपरणीचं ठिकाण सांगितलं, ओढा कुठं वळतो, तितराची वाट कुठून, कुणाच्या बापाची पालं कुठं पडायची, उठवलं त्या दिवशी स्वयंपाकाला काय होतं. तीन पानं भरली. टिटवीचंही लिहा म्हणाली. आम्ही लिहिलं. शेवटी अंगठा दिला आणि समितीनं पोच दिली, तारखेसकट. त्या पोचेच्या चार प्रती काढल्यात, एक माळावरच्या घरात भिंतीला उंच खुंटीवर टांगलीय.